रस्त्याचा नंबर बदललात, दगडांचं काय?

पुणे-सातारा रस्त्याला अजून 'एनएच ४', म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४, म्हणणाऱ्यावर हसू नका. एनएच ४ आता अंदमानात आहे. थट्टा नाही, पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) ते दिगलीपूर. २०१० च्या मार्चमध्ये राजपत्र निघालं आणि आपला चार नंबर समुद्रापार गेला. त्याच्या जागी आला ४८, त्यात दिल्ली-मुंबईचा जुना आठ नंबरही घुसवला. गोव्याचा १७ झाला ६६. पुणे-सोलापूर-हैदराबादचा ९ झाला ६५, पुणे-नाशिक ५० चा ६०, धुळे-सोलापूर २११ चा ५२, कल्याण-नगर-नांदेड २२२ चा ६१. विदर्भाचा जुना ६ आता ५३, आणि खुद्द ६ नंबर मेघालयातून मिझोरमला गेलाय.

नवी पद्धत वाईट नाही, उलट जुनीच दिव्य होती. रस्ता जाहीर होईल तसा पुढचा आकडा चिकटवायचा, फाट्याला ४ए, ४बी. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण रस्ते सम, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे, म्हणून ६६ कोकण किनाऱ्याला. पूर्व-पश्चिम रस्ते विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. तीन आकडी नंबर म्हणजे फाटा, शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. बेळगाव-पणजी ७४८, म्हणजे ४८ चा फाटा. शेंबड्या पोरालाही कळेल.

पण राजपत्र छापलं की काम संपलं, असं सरकारी लोकांना वाटतं. रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड कोण बदलणार? पुणे-साताऱ्याच्या सहापदरीकरणाची कागदपत्रं काढा : एनएच ४, किमी ७२५ ते ८६५.३५०. ही साखळी, म्हणजे आरंभबिंदूपासूनची किलोमीटरची मोजणी, बंगळुराकडून पुण्याकडे वाढते. आता रस्त्याचा नंबर ४८, आणि ४८ सुरू होतो दिल्लीत. दिल्लीपासून मोजलं तर साडेआठशेवा किलोमीटर गुजरातेत पडतो. म्हणजे नंबर नवा, दगड जुना, आणि अपघातात अडकलेल्या माणसाने फोनवर 'अठ्ठेचाळीस नंबर, साडेआठशे किलोमीटर' असं सांगायचं. कुठे पाठवणार गाडी?

राज्यमार्गांची तर आणखी दैना. १९४३ च्या नागपूर परिषदेने रस्त्यांची उतरंड घालून दिली, तिच्यावर बेतलेलीच आजही बांधकाम खात्याच्या निविदांत वाचायची : प्ररामा (प्रमुख राज्यमार्ग), रामा (राज्यमार्ग), प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग), इजिमा (इतर जिल्हा मार्ग), ग्रामा (ग्रामीण मार्ग). प्रमुख राज्यमार्ग ४ म्हणजे रेवस-रेड्डी, हे कोकणात निदान काहींना माहीत तरी आहे. पण एखाद्या राज्यमार्गाचा मधलाच तुकडा राष्ट्रीय झाला, की त्याची दोन शेपटं जुन्याच नंबराने दोन बाजूंना लोंबत राहतात. दगडाचं राज्यमार्गाचं हिरवं डोकं रंगवून राष्ट्रीय पिवळं करतात, खाली किलोमीटरचा आकडा मात्र जुन्याच आरंभबिंदूपासूनचा. त्यातही काही रस्ते 'तत्त्वतः' राष्ट्रीय! म्हणजे घोषणा झाली, अंतिम अधिसूचना नाही. खड्डा पडला की राज्य म्हणतं केंद्राचा, केंद्र म्हणतं अजून ताब्यात घेतलेला नाही. तत्त्वतः डांबर नसतं हो.

आणि ही अक्षरं! ताम्हिणी घाटाचा रस्ता ७५३एफ. म्हणजे ५३ चा फाटा, आणि ५३ कुठे? सुरत-जळगाव-नागपूर. मुळशीत उभं राहून जळगावचा बाप शोधायचा. वरंधा घाट ९६५डीडी. ए ते झेड पुरली नाहीत म्हणून डीडी का, असं भोरच्या माणसाने विचारलं तर उत्तर कोण देणार?

नंबर पटकन बदलता येतात, हे मात्र सिद्ध झालंय. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूदुकानं बंद करायला सांगितली. लगेच राज्याराज्यांत शहरांमधून जाणाऱ्या रस्त्यांचा महामार्गाचा दर्जा काढून ते पालिकांच्या गळ्यात मारायची घाई सुटली. तेव्हा फाइल कशी पळाली! दगड बदलायची फाइल मात्र कोणत्या टेबलावर झोपलीय देव जाणे.

फार काही मागत नाही. प्रत्येक फलकावर नव्या नंबराखाली पाच वर्षं जुना नंबर लहान अक्षरात ठेवा. दर्जा बदलला की त्याच कंत्राटात किलोमीटर दगड आणि मधले २०० मीटरचे दगडही धरा. निविदेत दोन्ही नंबर आणि दोन्ही साखळ्या छापा.

तोवर राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ ला फोन लावा, बाकी कुठेही ११२ ला. आधी जिल्हा सांगा, मग कुठून कुठे चाललात ते, मग मागे टाकलेला शेवटचा टोलनाका किंवा गाव. त्यानंतर दगडावरचा किलोमीटर, आणि पुढच्या छोट्या दगडावर २, ४, ६, ८ यांतलं जे असेल ते. रस्त्याचा नंबर विचारला तरच सांगा, आणि सांगितलात तर जुना-नवा दोन्ही.