मरतं ना पण?

चार काळे माना, म्हणजे कार्ड खेळायचं चलन, मोजून टेबलावर आणलेल्या माझ्या राक्षसानं परवा एका पांढऱ्या मानापुढे मान टाकली. तेवढं मी गिळलं असतं. पण शेजारच्या खुर्चीतलं अकरा-बारा वर्षांचं कार्टं तेव्हा नुसतं “हं” म्हणालं. तो “हं” अजून घशात अडकलाय.

राक्षसाचं नाव फायरेक्सियन ऑब्लिटरेटर, ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळातलं २०११ सालचं कार्ड. पाच-पाचचा गडी, म्हणजे पाचचा मार देणारा आणि पाचचा मार खाल्ल्यावर पडणारा; वर ट्रॅम्पल, म्हणजे आडव्या आलेल्याला तुडवून उरलेला मार थेट समोरच्याला. खरी गंमत पुढेच. याला कुणी जितकं डॅमेज करेल तितकी पर्मनंट्स, म्हणजे टेबलावर मांडलेली कार्डं, त्यानं स्वतःच्या हातानं बळी द्यायची. तीन डॅमेजचा लायटनिंग बोल्ट टाकलात? काढा तीन वस्तू. माना देणाऱ्या लँडसुद्धा चालतील, आमची काही हरकत नाही.

मोल चार माना, चारही काळे. काळ्या-हिरव्या डेकात, म्हणजे गड्डीत, बारा-बारा साध्या लँड घाला. पहिल्या चारही काळ्या निघायची शक्यता पाच टक्क्यांच्या आत. निव्वळ काळ्या डेकात हा हिशोबच करावा लागत नाही. एकरंगी डेक म्हणजे कल्पनाशक्ती नसलेल्यांचं काम, असं तोंडावर ऐकवणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासमोर हे कार्ड आपटणं, एवढंच आमचं सुख.

तर डाव सुरू होण्याआधी मी डेक लावत होतो आणि हा पोरगा, कुणाचा तरी धाकटा भाऊ, माझ्या कोपराशी येऊन बसला.

“काका, हे मरतं ना पण?”

काका! असो.

“डॅमेज करून मारणं समोरच्याला परवडत नाही,” मी म्हणालो.

“डूम ब्लेड?”

“तो मारतो, पण काळ्यावर चालत नाही.”

दोन क्षण शांतता. मला वाटलं, जिंकलो.

“एक्झाइल केलं तर?”

“एक्झाइल म्हणजे डावातूनच बाहेर काढणं, मरणं नव्हे. नियमात दोन्ही वेगळे आहेत.”

“पण मग तुमच्याकडे राहतं का?”

“नाही.”

“मग मरतं.”

ही एक जमातच आहे. पाळण्यातल्या बाळाकडे बघूनही हे लोक हाच प्रश्न विचारतील. अरे, प्रत्येक क्रीचर मरतं! मरायच्या आधी काय कमावून देतं ते बघा की. ग्रे मर्चंट घ्या. पाच माना, अंगानं दोन-चारचा, लढाईत फारसा कामाचा नाही. पण आल्या आल्या तुमच्या पर्मनंट्सच्या किमतीतली काळी चिन्हं मोजतो आणि समोरच्याचं तेवढं आयुष्य शोषून तुम्हाला देतो. त्याची दोन, ऑब्लिटरेटरची चार, एकूण सहा. मग मारा खुशाल, वसुली झालेली असते.

हे सगळं मी त्याला तावातावानं सांगितलं. त्यानं विचारलं, “मग ऑब्लिटरेटर आल्या आल्या काय देतं?”

काही देत नाही. येतं आणि पुढच्या टर्नपर्यंत उभं राहतं. हे मला ठाऊक होतं; फक्त कुणी इतक्या सरळ विचारलं नव्हतं.

“ड्युरेस किती आहेत?” पुढचा प्रश्न.

एका काळ्या मानात समोरच्याच्या हातातली कार्डं बघून, क्रीचर आणि लँड सोडून एक कार्ड टाकायला लावणारं ड्युरेस. ती मी तीन ठेवली होती. चौथा ऑब्लिटरेटर बसवायला एक काढलं, आणि मग चोविसावी लँड हवी म्हणून दुसरं. उरलं एक. मी म्हणालो, “पुरेशी आहेत.”

चौथ्या टर्नला राक्षस आला. समोरच्यानं एक पांढरी लँड वळवली आणि टाकलं ‘स्वोर्ड्स टू प्लॉशेअर्स’, तलवारींचे नांगर. राक्षस एक्झाइल, आणि त्याच्या ताकदीएवढं, म्हणजे पाच आयुष्य मला. लढायला पाठवलेला गडी शेतीला लागला आणि मला नुकसानभरपाई मिळाली. तिच्यावर मी आणखी तीन टर्न हरत बसलो.

डाव आवरताना मी चौथा ऑब्लिटरेटर काढून बाजूला ठेवला. पोरगा तिथंच होता.

“काका, हे नको असेल तर मला द्याल?”

“का रे? मरतं ना ते?”

“तुमच्याकडे मरतं.”