‘नाजा २००’चे थेंब आणि काचेची नळी

साप चावल्यावर काय करायचं सांगणारा तो मेसेज वाडीच्या ग्रुपवर पुन्हा आला. दर पावसाळ्यात येतो, आणि गणपतीला चाकरमानी गावी आले की त्यांच्या फोनमधून नव्याने फिरायला लागतो. या वेळी भाच्याने खाली मलाच विचारलं, "मामानू, ह्यां खरां आसा काय?"

मी सिंधुदुर्गातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषध निर्माण अधिकारी म्हणून ३१ वर्षं काढली. लोक कंपाउंडर म्हणायचे, मी कधी दुरुस्त केलं नाही. औषधाच्या कपाटाची चावी आणि साठा रजिस्टर माझ्याकडे असायचं, त्यामुळे पान लागलेला माणूस दारात आला की डॉक्टरांच्या पाठोपाठ माझीच धावपळ. (आमच्याकडे तिन्हीसांजेनंतर सापाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणतात, किरडू म्हणतात, आणि चावलं तर ‘पान लागलं’.)

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: "साप चावल्यास वरच्या बाजूला दोरी घट्ट आवळा. ब्लेडने चीर द्या, टोक कापलेल्या सिरिंजने विषारी रक्त ओढून काढा. होमिओपॅथीच्या नाजा २०० चे थेंब दहा-दहा मिनिटांनी तीनदा जिभेवर सोडा, पेशंट हमखास वाचतो. सरकारी दवाखान्यात वेळ घालवू नका, तिथे लस नसते. असली तरी तिच्या रिॲक्शननेच माणूस जातो. आपल्या जुन्या जाणकारांनी झाडपाल्याने हजारो लोक बरे केले. विंचवाला तर काहीच लागत नाही. दहा जणांना पाठवा, एक जीव वाचेल."

दोरीपासून सुरुवात करू. कणकवलीकडच्या एका केंद्रात असताना, दिवाळीच्या सुमाराला सड्यावर (कातळाच्या माळावर) गवत कापणाऱ्या एका काकींना पुतण्याने मोटरसायकलवरून आणलं. मनगटाच्या वर सुंभ करकचून बांधलेला, पंजा काळानिळा, बांगड्या मांसात रुतलेल्या. काकी म्हणत होत्या, "किरडू न्हय रे, काटो लागलो आसतलो." पेंढी उचलताना बोटाला काहीतरी टोचलं, एवढंच त्यांना ठाऊक. फुरसं तसंच असतं. हातभर लांब, कातळाच्या रंगाचं, दगडाखाली नाहीतर पेंढीखाली वेटोळं करून बसलेलं. अंगावरचे खवले एकमेकांवर घासून फुरफुर आवाज करतं, पण विळ्याच्या आवाजात तो ऐकू कसा येणार?

सुंभाने विष थांबलं नव्हतं, हाताचा रक्तपुरवठा तेवढा थांबला होता. फुरसं आणि घोणस यांचं विष चावल्या जागचं मांसही नासवतं. ते एका जागी कोंडून ठेवलं की बोट जायचं तिथे हात जातो, आणि आवळलेली दोरी कुणी भस्सकन सोडली तर अडलेलं सगळं एकदम अंगात पसरतं. म्हणून त्या दिवशी डॉक्टरांनी आधी सलाईनची सुई लावली, सगळी तयारी ठेवली, मग सुंभ सोडला. बांगड्या मी पकडीने कापल्या. हातापायाला पान लागलं तर एवढंच करायचं: अंगठी, बांगडी, पैंजण लगेच काढायचं, मोडलेल्या हाडाला बांधतो तशी कामटी सैलसर बांधायची आणि माणसाला चालू द्यायचं नाही. गाडी नसेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवायचं.

चीर आणि सिरिंजबद्दल फार लिहीत नाही. ज्या विषाने रक्त गोठायचंच बंद होतं, त्या विषाच्या माणसाला ब्लेड लावायचं? ओढून विष येत नाही, रक्त मात्र येतं, आणि येतच राहतं.

काकींच्या बाबतीत खरं काय ते सांगितलं एका काचेच्या नळीने. दोन मिली रक्त काढून कोऱ्या, कोरड्या नळीत घालायचं आणि २० मिनिटं टेबलावर ठेवून द्यायचं. हलवायचं नाही. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, आणि साबणाने धुतलेलीही नको, कारण त्यानेच रक्त गोठायचं राहू शकतं. वीस मिनिटांनी नळी आडवी करायची. धड माणसाचं रक्त विरजलेल्या दह्यासारखं चिकटून बसतं. काकींचं रक्त कोकमाच्या आगळासारखं वाहत काचेच्या कडेला आलं. तोवर काकी नीट बोलत होत्या, चहा मागत होत्या. फुरशाचं हेच फसवं. माणूस हिंडतो फिरतो, ‘काय्येक जावचा नाय’ म्हणतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागतं.

आता नाजा २००. नाजा हे नागाचं शास्त्रीय नाव. म्हणजे होमिओपॅथीचाच हिशेब मानला तरी हे नागाच्या विषाचं औषध. सड्यावर चावतं फुरसं, शेतात घोणस, रात्री अंथरुणात मण्यार. त्यांचं काय? आणि २०० म्हणजे काय ते बाटलीवर कुणी समजावून सांगत नाही. मूळ अर्काचा एक भाग ९९ भाग पातळ करणाऱ्या द्रवात मिसळायचा, त्यातला एक भाग पुन्हा ९९ भागांत, असं २०० वेळा. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा शेवटचा कण संपतो. पुढच्या १८८ पायऱ्या नुसतं पाणी आणि अल्कोहोल ढवळायच्या. मग ‘अमक्याला दिलं आणि तो वाचला’ हे खोटं का? खोटं नसेलही. आपल्याकडे चावणारी बहुतेक जनावरं धामण, दिवड असली बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. अशा माणसाला थेंब द्या, गूळ द्या, नाहीतर नुसतं ओटीवर बसवून ठेवा, तो वाचणारच.

झाडपाला देणाऱ्या भगताच्या अंगणातल्या यशाचाही हाच हिशेब. कडुलिंबाचा पाला कडू लागला नाही, मिरची तिखट लागली नाही की विष चढलं असं तिथे ठरवतात. घाबरलेल्या माणसाला तोंड कोरडं पडल्यावर कशाचीच चव लागत नाही. मी भगतांना शिव्या देणारा नाही. आमच्या केंद्राजवळचे एक गुरव स्वतःच माणसं पाठवायचे. "अंगारो मी लावतंय, सुई तुमी लावा," म्हणायचे. रवळनाथाला गाऱ्हाणं जरूर घालावं. गाडीत बसून घालावं.

मण्यारीबद्दल मेसेजात एक ओळ नाही, आणि माझ्या मते तो त्यातला सगळ्यात मोठा दोष आहे. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, वेदना जवळपास नाही, दाताचा व्रण शोधून सापडत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो. घरचे ओवा देतात. तासाभरात पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं बोबडं होतं, मग श्वासाचे स्नायू थकतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पोटदुखीने उठला आणि त्याचे डोळे मिटायला लागले, तर ओव्याचा डबा शोधू नका, गाडी शोधा. खाटेवर झोपणं, किंवा मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचणं, याने डास आणि मण्यार दोन्ही बाहेर राहतात.

"सरकारी दवाखान्यात लस नसते." हा आरोप मी झटकून टाकणार नाही, कारण त्यातला काही भाग मी रजिस्टरच्या या बाजूने पाहिलाय. मागणी जाते, पुरवठा उशिरा येतो, मधल्या काळात शेजारच्या केंद्रातून दहा बाटल्या उसन्या आणायच्या, हे मी स्वतः केलंय. पण ‘कमी असते’ आणि ‘नसते’ यांत माणसाच्या जीवाएवढं अंतर आहे. लस म्हणतो ती खरं तर प्रतिविष. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एकच औषध, त्यामुळे कोणतं जनावर होतं हे ठरवण्यासाठी ते मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. (काही जण आणतात. एकदा पिशवीतलं जिवंत निघालं.) औषध पावडरच्या स्वरूपात असतं, ते थंड, अंधाऱ्या जागी फ्रीजशिवायही टिकतं, तेव्हा ‘लाइट गेली, लस खराब झाली’ हेही तितकंसं खरं नाही. हाफकिन या सरकारी संस्थेने ते वर्षानुवर्षं बनवलंय. खासगी दवाखान्यात वेगळं काही मिळत नाही, हेच चौघांचं प्रतिविष मिळतं, बिल मात्र वेगळं. एक खरी उणीव सांगतो: झाडीत राहणाऱ्या हिरव्या चापड्यावर (हाही विषारी सापच) हे औषध चालत नाही. त्याचा दंश सहसा जीवघेणा नसतो, पण तो माणूसही दवाखान्यातच हवा.

"लस होती, पण दिली नाही," असं सांगणारे बरेच भेटतात. चावलेल्या प्रत्येकाला ती देत नाहीत, द्यायचीही नसते. नळीतलं रक्त गोठतंय, पापण्या उघड्या आहेत, सूज वाढत नाही, तर २४ तास नजरेखाली ठेवतात आणि पुन्हा पुन्हा तपासतात. लोकांना वाटतं, नुसतं झोपवून ठेवलं.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे. माझ्या मेहुण्याला घोणस चावली तेव्हा ज्या दवाखान्यात प्रथम नेलं, तिथे लक्षणं समोर दिसत असताना आणि औषध कपाटात असताना ‘पुढे न्या’ म्हणून चिठ्ठी लिहून दिली. एक थेंब दिला नाही. दोन तास गाडीत गेले. मेहुणा वाचला, पण मूत्रपिंडं बसली आणि पुढे काही आठवडे डायलिसिसवर काढावे लागले. लक्षणं असतील तर पहिला डोस देऊन मगच पुढे पाठवायचं, असं उपचाराच्या नियमांतच आहे. तेव्हा तुमच्या माणसाला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा गोव्यात बांबोळीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं तर आवाज न चढवता एवढंच विचारा: "पहिला डोस दिलात का? चिठ्ठीवर वेळ लिहा." आणि घरून थेट गोव्याची वाट धरू नका. जवळचं केंद्र टाळून गेलेल्या गाडीत जो वेळ जातो, तो कुठल्याही मोठ्या दवाखान्यात परत मिळत नाही.

रिॲक्शनचं म्हणाल तर ती येते. घोड्याचं प्रथिन माणसाच्या शिरेत जातंय, काहींना पित्त उठतं, थंडी भरते, काहींचा रक्तदाब कोसळतो. म्हणून तर बाटली लावण्याआधी रिॲक्शन आवरणारं ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवतात. आधी कातडीखाली थेंब टोचून पाहायची जुनी पद्धतही आता नाही, कारण त्यावरून पुढचं काहीच कळत नाही, वेळ मात्र जातो. काकींना दहा बाटल्या दिल्या. प्रत्येक बाटलीत पाणी घालून ती हातात हलके गोल फिरवायची, खळखळून हलवली की फेस होतो. दहा बाटल्या विरघळवेपर्यंत माझा हात दुखला. तासाभरात औषध आत गेलं, मध्ये एकदा अंगावर गांधी उठल्या, त्यावर औषध दिलं, त्या बसल्या. सहा तासांनी नळी पुन्हा आडवी केली. रक्त हललं नाही. लहान मुलालाही एवढाच डोस लागतो, हे ऐकून आईबाप घाबरतात. पण साप वजन बघून विष सोडत नाही.

"विंचवाला काही लागत नाही" हे लिहिणारा कोकणातला नसावा. इथला लाल विंचू धडधाकट माणूस झोपवतो. दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे, मग छातीत पाणी भरतं. सत्तरच्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर अशी माणसं डोळ्यांसमोर मरताना पाहत होते. पुढे पेशंटच्या उशाशी बसून रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी इथे उपयोगी पडते हे त्यांनी दाखवलं. १९८६ मध्ये ते लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. शंभरात चाळीसच्या घरातले मृत्यू एकाच्या आसपास आले. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्यांची प्राझोसिन आणि विंचवाच्या प्रतिविषाची एकत्र चाचणी छापली, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘सरकारी डॉक्टरला विषातलं काय कळतं’ म्हणणाऱ्यांनी बिरवाडी नकाशावर शोधावी.

उरली शेवटची ओळ, दहा जणांना पाठवायची. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली कितीतरी दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत. घरी किंवा भगताच्या दारात गेलेल्याचा पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही, आणि शेतकरी कुटुंबाला अपघाताच्या अनुदानासाठी जो कागद लागतो तोही नाही.

भाच्याला मी उत्तर लिहिलं: १०८, आपल्या केंद्राचा नंबर आणि गाडीवाल्या बाबल्याचा नंबर. ओटीच्या भिंतीवर, पोरांना वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत लिही. आणि एकदा केंद्रात जाऊन विचार, बाटल्या किती आहेत.

त्याने दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला. भिंतीवर तीन नंबर आणि त्याखाली त्याच्या आजीच्या सांगण्यावरून काढलेलं स्वस्तिक. बाटल्या चौदा होत्या.