इरेला पेटण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

लिलावाला बसण्यापूर्वी, जास्तीत जास्त किती द्यायचे हे कागदावर चुकूनही लिहू नका. मनातला आकडा दर बोलीगणिक गुपचूप सरकतो, कागदावरचा मेला जागचा हलत नाही.

सुरुवातीच्या बोल्यांत फारसा अर्थ नसतो. समोर एकच प्रतिस्पर्धी उरला आणि शेवटची काही सेकंदं राहिली, की ॲड्रेनलिन हे उत्तेजनेचं संप्रेरक उसळतं. मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन या रसायनांचं प्रमाण थोडं वाढलं तर लक्ष एकाग्र होतं. फार वाढलं तर हिशेब करणारा तोच भाग ढेपाळतो. तेव्हा 'थोडं'वर समाधान मानू नका. पाणी प्यायला उठणं तर कटाक्षाने टाळा. रक्तातलं ॲड्रेनलिन अर्ध्यावर यायला दोन-तीन मिनिटं पुरतात. एवढ्या कष्टाने चढवलेली झिंग वाया जाईल.

डोपामिन म्हणजे आनंद, असं मानणारे बरेच आहेत. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडाला अवचित फळाचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळत. खुणेवरून रस येणार हे माकडाला कळू लागलं, की त्या खुणेलाच उसळत आणि रस आल्यावर ढिम्म राहत. खूण होऊनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही गप्प. थोडक्यात, ही नोंद मिळकतीची नाही. अपेक्षा आणि मिळकत यांतल्या फरकाची आहे. म्हणून अपेक्षा आधीच फुगवून ठेवा. वस्तू घरात कुठे मांडायची ते ठरवा, चार जणांना सांगून टाका. मग जी वस्तू कधी आपली नव्हतीच, ती सोडतानाही घरातून चोरीला गेल्यासारखं वाटेल.

अर्थशास्त्रज्ञ मार्टिन शुबिक यांनी 1971 साली मांडलेला लिलाव तुमच्यासारख्यांसाठीच आहे. माल एक डॉलर; पण दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्यानेही आपली रक्कम भरायची. समोरच्याने पूर्ण डॉलर लावला की 95 सेंटवाला विचार करतो: थांबलो तर 95 गेले, 1 डॉलर 5 सेंटला जिंकलो तर पाचच. तो बोलतो. मग दुसराही हाच विचार करतो.

वाटाघाटीत सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाकडे लक्ष द्या. एका प्रयोगात एकाने पैशांची वाटणी सुचवायची, दुसऱ्याने ती घ्यायची किंवा धुडकावायची. सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते ट्रिप्टोफॅन नसलेलं पेय देऊन ते घटवलं, तेव्हा लोकांनी अन्याय्य वाटणी जास्त वेळा धुडकावली. धुडकावली की दोघांच्याही हाती शून्य. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्याची ही प्रयोगशाळेतली आवृत्ती.

(जिंकल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढतं म्हणतात. माणसांवरचे निकाल उलटसुलट आहेत, पण हे आत्मविश्वासाची शिबिरं घेणाऱ्यांना सांगून त्यांच्या पोटावर पाय आणू नका.)

हरलात? उत्तम. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक सावकाश चढतं, ताण सुरू झाल्यापासून साधारण 20 ते 30 मिनिटांनी शिखर गाठतं. म्हणजे 'आता मी शांत झालो' असं वाटतं, तेव्हाही ते भरात असू शकतं. पुढच्या लिलावात नाव नोंदवायला आणि जिंकणाऱ्याला संदेश पाठवायला हीच वेळ साधा.