१ जानेवारी २००९, गुरुवार

आमचा कॉम्प्युटर मे महिन्यात एका सकाळी सोळा वर्षं मागे गेला. मी विजेचं बिल भरायला बसले होते. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९, वार गुरुवार. बँकेची साइट उघडेना, मेल उघडेना. पडद्यावर सरळ लिहून येत होतं की तुमचं घड्याळ मागे आहे. पण कॉम्प्युटर जे सांगतो ते कधी खरं मानायचं नाही, माहीतगार माणसाला विचारायचं, अशी माझी समजूत. ही समजूत मला पुढे दोन हजार चारशे रुपयांना पडली.

हे यंत्र २०१३ साली लॅमिंग्टन रोडवर असेम्बल करून घेतलेलं. नवऱ्याने तो खोका ग्रँट रोडहून दादर, दादरला पूल ओलांडून डोंबिवली फास्ट, असा मांडीवर घेऊन घरी आणला. गाडीत एका गृहस्थांनी उठून त्याला बसायला जागा दिली. तान्ह्या पोराला घेऊन मी माहेरहून आले तेव्हा मला कोणी दिली नव्हती.

तर तो खोका रिक्षात घालून मी स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले. काचेच्या काउंटरमागे उघड्या मदरबोर्डांची चळत आणि कोपऱ्यात उदबत्ती. दुकानदाराने खोक्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"किती जुना आहे, मॅडम?"

"बारा वर्षं."

त्याने दातांतून "स्स्स" असा आवाज काढला. हाच आवाज आमच्या गाडीचा मेकॅनिक काढतो, प्लंबर भिंतीला कान लावून काढतो, आणि दाढेचा एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टरही काढतात. तो कुठे शिकवतात कोण जाणे. त्या एका स्स्समध्ये माझे निदान पाचशे रुपये गेले असावेत.

"विंडोज उडालीये. फॉरमॅट मारावा लागेल. सर्व्हिसिंग धरून बाराशे."

मी मान डोलावली. भाजीवालीने कोथिंबिरीच्या जुडीला पाच रुपये जास्त सांगितले तर मी पुढच्या गाडीकडे वळते. पण समोरच्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर असला की माझी वाचा जाते. तो काय सांगतोय ते कळत नाही, आणि कळत नाही हे त्याला कळू नये म्हणून आपण "हं, हं, तेच वाटत होतं मला" असं म्हणतो. म्हटलंच मी तसं.

दोन दिवसांनी मशीन मिळालं. दुकानात तारीख चोख होती. घरी आणलं, दिवसभर छान चाललं. रात्री नेहमीप्रमाणे मी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि सकाळी उठून पाहते तो पुन्हा गुरुवार, पुन्हा नवीन वर्षाच्या शुभेच्छा. शिवाय फॉरमॅटमध्ये जुने मराठी फाँट गेले होते. सासूबाईंकडून लिहून घेतलेल्या अनारशांच्या प्रमाणाची फाइल उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि टिंबांचा भुगा. तांदूळ किती आणि गूळ किती, हे आता त्या कॉम्प्युटरलाच ठाऊक.

दुसऱ्या फेरीला दुकानदार म्हणाला, "ताई, व्हायरस आहे. अँटिव्हायरस टाकून देतो, नऊशे." तारखेच्याच मागे लागणारा आणि बाकी कशाला हात न लावणारा हा व्हायरस मला जरा सोवळ्यातला वाटला. पण नऊशे दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं पाहिजे का? मग अठरा टक्के जीएसटी वर." आणि एका फाटक्या कॅलेंडरच्या मागे ९०० लिहून खाली सही केली. आता, बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मी वाचलेलं आहे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही मला पाठ आहे. फिरवला नाही, कारण कॉम्प्युटर काउंटरच्या पलीकडे होता. पोर वर्गात बसलेलं असताना बाईंशी कोण भांडतं?

तिसऱ्या फेरीला त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"मावशी, खरं सांगू? मदरबोर्ड गेलाय. याचे पार्ट आता येत नाहीत. साडेसहा हजारांत करून देतो, तुमच्याकडून काय जास्त घेणार?"

बाराशेला मॅडम, नऊशेला ताई, साडेसहा हजारांना मावशी. नातं जवळचं होत गेलं तसा आकडा फुगत गेला. आजीपर्यंत पोचले असते तर राहती जागा विकावी लागली असती. मी "घरी विचारते" म्हटलं. जगातलं कुठलंही संकट टाळायला हे दोन शब्द मला आजवर पुरले आहेत. फुकट मात्र सुटले नाही, चेकिंगचे तीनशे द्यावे लागले.

येताना मनगटावरचं घड्याळ बंद पडलंय हे लक्षात आलं. आमच्याकडे एका इमारतीच्या जिन्याखाली घड्याळवाले काका बसतात. डोळ्याला भिंग, समोर हातरुमालाएवढं टेबल. ते सेल बदलत होते आणि मी रिक्षातल्या खोक्याकडे बोट दाखवून माझी कर्मकथा सांगत होते. त्यांनी भिंगही काढलं नाही.

"रोज सकाळी मागे पडतो ना? मग सेल गेलाय."

"अहो काका, तो कॉम्प्युटर आहे."

"वेळ दाखवतो ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी सांगितलं ते असं. कॉम्प्युटरच्या पोटात एक छोटं घड्याळ असतं आणि त्यात मनगटी घड्याळात असतो तसाच क्वार्ट्झचा खडा, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. भिंतीवरून वीज येत असेल तोवर ते तिच्यावर चालतं. बटण बंद केलं की एका चपट्या सेलवर. तो संपला असेल तर घड्याळ कंपनीने दिलेल्या पहिल्या तारखेवर जाऊन बसतं. दुकानात रात्री बटण बंद करत नसतील. म्हणून तिथे २०२५ आणि माझ्याकडे, वीज वाचवण्याच्या संस्कारांपायी, २००९. मनगटी घड्याळाच्या सेलचे त्यांनी साठ रुपये घेतले. कॉम्प्युटरच्या निदानाचं काही घेतलं नाही, आणि मला एकदाही मावशी म्हणाले नाहीत.

रविवारी दुपारी नवऱ्याने खोका उघडला. आधी अर्धं डस्टबिन भरेल इतकी धूळ निघाली (सर्व्हिसिंगचे पैसे त्या बाराशेतच होते, हे विसरू नये) आणि मग तो दिसला. रुपयासारखा चकचकीत, वर कोरलेलं सीआर २०३२. हा काही गूढ आकडा नाही. २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, एवढंच तो सांगतो. बाहेर वीस-तीस रुपयांना मिळतो. पण डोंबिवलीत रविवारी दुपारी काही मागायचं म्हणजे झोपलेल्या माणसाला उठवून मागायचं.

"हा नंबर मी कुठेतरी पाहिलाय," नवरा म्हणाला, आणि थेट बाथरूमकडे गेला. परतला तो वजनकाटा उलटा धरून. काट्याच्या पोटात तोच सेल, तोच नंबर. नखाने काढला, कॉम्प्युटरमध्ये बसवला, तारीख घातली. रात्री मी मुद्दाम भिंतीवरचं बटण बंद केलं. सकाळी सोमवार होता, खराखुरा, दूधवाल्यासकट.

याला आता चार महिने झाले. कॉम्प्युटर वेळेवर आहे. वजनकाट्याला नवा सेल आणायचा आहे, यादीत दर आठवड्याला लिहिला जातो आणि दर आठवड्याला राहून जातो. घरात अजून कोणीही त्याची आठवण केलेली नाही.