‘नेपाळचा रस्ता बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या उलव्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: नेपाळच्या राजानं देश भारताला देऊ केला होता, नेहरूंनी नाकारला. आपण त्यांना पोसलं, पण ते खाल्ल्या मिठाला जागले नाहीत, चीनच्या मांडीवर जाऊन बसले. २०१५ ची नाकाबंदी आपण केलीच नव्हती. त्यांची माणसं इथे येऊन कमावतात, आपल्याला काही मिळत नाही. आठ दिवस सीमा बंद करा, गुडघ्यावर येतील.

मी न्हावा शेव्याला कस्टम क्लिअरिंगचं काम करतो. बंदरातून माल वेळेत सुटला नाही की काय होतं, हे चौदा वर्षं रोज बघतोय. म्हणून गप्प बसवलं नाही.

आधी नेहरूंचं. त्रिभुवन राजांनी असा प्रस्ताव दिला होता, असं प्रणव मुखर्जींनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे, हे खरं. पण त्या वेळी, म्हणजे १९५०-५१ च्या सुमारास, प्रणवबाबू पंधरा-सोळा वर्षांचे होते. त्यांनी ते स्वतः पाहिलेलं नाही. आता तेव्हाची स्थिती बघा. नेपाळचं स्वातंत्र्य ब्रिटिशांनी १९२३ च्या करारात मान्य केलं होतं. १९४९ मध्ये नेपाळनं संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वासाठी अर्जही केला होता. सत्ता राजाकडे नव्हती, शंभर वर्षं वंशपरंपरेनं पंतप्रधान होणाऱ्या राणा घराण्याकडे होती. नोव्हेंबर १९५० मध्ये त्रिभुवन काठमांडूच्या भारतीय दूतावासात आश्रयाला आले, तिथून दिल्लीला गेले, आणि राणांविरुद्ध नेपाळी काँग्रेस या पक्षाची माणसं बंदुका घेऊन लढली. ती लढत होती स्वतःच्या देशात लोकशाही यावी म्हणून. आश्रयाला आलेल्या राजाच्या शब्दावर तो देश ‘घेता’ आला असता आणि लोकांनी मुकाट्यानं मानलं असतं, हे मला पटत नाही.

आता चीनच्या मांडीवर बसल्याचा आरोप. नेपाळचा साधारण दोन तृतीयांश व्यापार आजही भारताशी आहे. पेट्रोल-डिझेल इंडियन ऑइलकडून जातं. त्यासाठी मोतिहारी ते अमलेखगंज अशी ६९ किलोमीटरची पाइपलाइन २०१९ मध्ये सुरू झाली. त्यांचा रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला १.६० या दरानं बांधलेला आहे. मांडीवर बसलेल्याचा खिसा असा दुसऱ्याच्या हातात असतो का? त्यांनी २०१७ मध्ये चीनच्या ‘बेल्ट अँड रोड’ या रस्ते-बंदरांच्या योजनेवर सही केली, पोखराचा विमानतळ चिनी कर्जातून बांधला, हे खरं आहे. त्याच नेपाळच्या संसदेनं फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या ५० कोटी डॉलरच्या मदतीचा करार मंजूर केला, तोही चीन उघड नाराज असताना. आणि त्यानंतर चारच महिन्यांनी नेपाळ सरकारनं अमेरिकेच्याच लष्करी भागीदारी कार्यक्रमात जायला नकार दिला. पृथ्वीनारायण शहांनी अठराव्या शतकात आपल्या राज्याला दोन दगडांमधला कंद म्हटलं होतं. कंद तिथेच वाढवायचा आहे, दगड हलणार नाहीत. कधी इकडे सरकून, कधी तिकडे, असं करतच तो वाढतो.

उत्तराखंडच्या सीमेवर लिपुलेख-कालापानीचा वाद आहे, २०२० मध्ये त्यांनी नवा नकाशा काढला. १८१६ च्या सुगौली तहात काली नदी सीमा ठरली, पण तिचा उगम कुठला धरायचा यावर भांडण आहे. मला यात भारताची बाजू पटते. पण हद्दीचा वाद म्हणजे हरामखोरी नव्हे. आपल्याकडे गावोगावी बांधाची भांडणं आहेत, म्हणून कुणी शेजाऱ्याला देशद्रोही म्हणत नाही.

खरा मुद्दा २०१५ चा. त्या वर्षी २५ एप्रिलला भूकंप झाला, जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. त्याच दिवशी आपली विमानं काठमांडूत उतरली, याचा मला अभिमान आहे. पाच महिन्यांनी, २० सप्टेंबरला, त्यांनी नवी राज्यघटना लागू केली. तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातल्या, मधेशी लोकांना ती अन्यायाची वाटली. आंदोलनात पोलिसांसह चाळीसहून जास्त माणसं मेली होती, त्यांची तक्रार खोटी नव्हती. सीमेवरच्या रक्सौल-बीरगंजच्या पुलावर आंदोलक बसले होते, इतपत मेसेज बरोबर आहे. पण जिथे आंदोलक नव्हते त्या नाक्यांवरही ट्रक रखडले, आणि टँकर भरून मिळत नाहीत अशी नेपाळी चालकांची तक्रार होती. सुरक्षेच्या कारणानं वाहतूक थांबली, नाकाबंदी नाही, असंच भारत सरकार म्हणत राहिलं. काठमांडूत ते कुणाला पटलं नाही, कारण हे त्यांनी आधी एकदा भोगलं होतं. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि पारगमनाचे (दुसऱ्याच्या हद्दीतून माल नेण्याचे) करार संपले, तेव्हा राजीव गांधींच्या सरकारनं दोन सोडून बाकीची नाकी बंद केली होती. नेपाळनं चीनकडून शस्त्रं घेतल्याचा राग त्यामागे होता.

माल अडणं म्हणजे काय ते सांगतो. नेपाळचा कंटेनर कोलकात्याला उतरतो, तिथून रेल्वेनं सातशे किलोमीटरवर बीरगंजच्या ड्राय पोर्टला, म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर डेपोला, जातो. तो बंदरात पडून राहिला की फुकटचे दिवस संपतात आणि रोजचं डेमरेज, म्हणजे बंदरातल्या जागेचा दंड, चढू लागतं. डबा शिपिंग लाइनचा, तो वेळेत परत न दिल्याचा दंड, म्हणजे डिटेन्शन, वेगळं. आमच्याकडे एखाद्या पार्टीचा माल पंधरा दिवस अडकला तरी मालकाचा फोन रात्री अकरालाही येतो. तिथे अख्ख्या देशाचा माल जवळजवळ पाच महिने अडला, त्यात औषधं होती. थंडीत पाच वर्षांखालच्या तीस लाखांहून अधिक मुलांच्या जिवाला धोका आहे, असा इशारा युनिसेफनं त्या नोव्हेंबरात दिला होता.

आमच्या यार्डाच्या गेटवर नेपाळच्या कैलाली जिल्ह्यातला एक रखवालदार आहे, सगळे त्याला दाजू (नेपाळीत थोरला भाऊ) म्हणतात. त्या वर्षी दसऱ्याला गावी जाताना त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि गोळ्यांच्या पट्ट्या जास्त होत्या. वडिलांच्या रक्तदाबाच्या, सहा महिन्यांच्या, उरणच्या दुकानातून घेतलेल्या. “साहेब, तिकडे मिळत नाहीत,” एवढंच म्हणाला. सीमेवरच्या गौरीफंट्याच्या नाक्यावरून तो चालत पलीकडे गेला.

चीनकडे का गेले, याचं उत्तर इथे आहे. माझ्या मामाचं भाताचं शेत आतल्या अंगाला आहे, वहिवाट शेजाऱ्याच्या बांधावरून. एका वर्षी कशावरून तरी बिनसलं आणि ऐन कापणीत शेजाऱ्यानं बांधावर काट्या टाकल्या. भारे शेतात भिजले. मामा तहसीलदाराकडे गेला, रस्ता मोकळा झाला. पण पुढच्या उन्हाळ्यात त्यानं दुसऱ्या बाजूच्या नाल्यावर सिमेंटचे दोन जुने खांब टाकून साकव केला. लांब पडतो, पावसाळ्यात पाण्याखाली जातो, तरी केला. नेपाळनं मार्च २०१६ मध्ये चीनशी पारगमनाचा करार केला तो असा साकव आहे. त्यातलं चीनचं त्येनजिन बंदर तीन हजार किलोमीटरहून लांब आहे. जुलै २०२५ च्या पुरात चीनच्या सीमेवरचा रसुवागढीचा पूल वाहून गेला. कोलकात्याची जागा त्येनजिन कधीच घेणार नाही, हे त्यांनाही कळतं. समुद्र नसलेल्या देशाला समुद्रापर्यंत वाट मिळण्याचा हक्क १९८२ च्या सागरी कायद्यात लिहिलेला आहे, पण अटी शेजाऱ्याशीच ठरवाव्या लागतात. आंतरराष्ट्रीय तहसीलदार नसतो.

‘आपल्याला काही मिळत नाही’ याला फार वेळ देत नाही. १९५० च्या करारात राहण्याची, मालमत्तेची, धंद्याची मुभा दोन्हीकडच्यांना आहे. आपल्या सैन्यात गोरखा रायफल्सच्या सात रेजिमेंट आहेत, त्यांत नेपाळी तरुण पिढ्यानपिढ्या भरती होत आले. चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना आल्यापासून नेपाळनं ती भरती थांबवली आहे. कोसी नदीवरचा बराज (बंधारा) १९५४ च्या करारानं नेपाळच्या हद्दीत उभा आहे, बिहारचं पाणी आणि पूर दोन्ही त्याच्याशी बांधलेले. पावसाळ्यात त्यांची वीज आपण विकत घेतो.

राहिलं आठ दिवसांत गुडघ्यावर येण्याचं. १९८९ ची कोंडी वर्षाहून जास्त चालली, २०१५ ची जवळजवळ पाच महिने. आठ दिवसांचा हिशेब कुठून आला, मला कळत नाही. दुसऱ्या कोंडीत बहुतेक काळ पंतप्रधान होते के. पी. ओली. भारतापुढे झुकलो नाही, हे सांगतच ते २०१७ च्या निवडणुकीला सामोरे गेले, आणि त्यांच्या डाव्या आघाडीला संसदेत जवळजवळ दोन तृतीयांश जागा मिळाल्या. दाजूच्या घरातली सगळी मतं त्या वर्षी तिकडेच गेली. आधी ते घर नेपाळी काँग्रेसचं होतं.