निवडून आलात? अभिनंदन! आता नियमन तेवढं टाळा

सर्वप्रथम अभिनंदन. नियामक परिषदेवर निवडून येणं ही काही खायची गोष्ट नाही. परिषद कुठली हा प्रश्न इथे गौण आहे. डॉक्टरांची असो, वकिलांची, सीएंची की परिचारिकांची, खालचा सल्ला सगळ्यांना सारखाच लागू पडतो. त्यात तुम्ही इंदूरचे आणि वर मराठी, म्हणजे तुमच्या निवडीची बातमी रामबागेतून सुदामानगरला तुमच्या आधी पोहोचलेली असणार.

पहिली गोष्ट म्हणजे भूगोल समजून घ्या. इंदूरला व्यापार मिळाला, पोहे मिळाले, स्वच्छतेचे पुरस्कार तर दरवर्षी घरपोच येतात. या परिषदांची कार्यालयं मात्र बाहेरगावीच राहिली. डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी भोपाळला जायचं, वकिलांनी जबलपूरला, आणि सीएंचं प्रादेशिक कार्यालय तर थेट कानपूरला. ही गैरसोय आहे असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. तक्रारदारालाही ते तितकंच लांब पडतं, आणि त्याला टीए-डीए मिळत नाही.

पहिल्या सभेला जाण्याआधी सत्कार उरकून घ्या. नंतर वेळ मिळत नाही. रवींद्र नाट्यगृह मिळालं तर उत्तम, नाहीतर एखाद्या हॉटेलचा हॉल चालेल. शाल, श्रीफळ, चांदीचा मुलामा दिलेलं काहीतरी, आणि 'आपल्या समाजाचा माणूस' हा उल्लेख निदान तीनदा. सत्कार कोण करतंय याकडेही जरा लक्ष असू द्या. ज्यांच्यावर लक्ष ठेवायला कायद्याने तुम्हाला नेमलंय, बरोब्बर तेच लोक पहिल्या रांगेत असतील. जेवणाचं बिल कोणी दिलं हे विचारू नका. विचारलंत तर उत्तर मिळेल, आणि मग ते कुठेतरी नोंदवावं लागेल.

आता तुम्ही इथवर आलात कसे, तेही आठवा. वकिलांच्या आणि सीएंच्या निवडणुकीत मत पसंतीक्रमाने द्यायचं असतं. हा प्रकार फार सुसंस्कृत आहे. प्रचाराला गेल्यावर समोरच्याला दुखवावंच लागत नाही. 'पहिली पसंती तुमच्या भाच्यालाच द्या हो, घरचा माणूस आहे. दुसरी तेवढी आपली असू द्या.' अशा दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या मतांवर माणसं वर्षानुवर्षं निवडून येतात. ज्याला कोणाचाच विरोध नाही असा माणूस त्यातून वर येतो, आणि ज्याला कोणाचाच विरोध नाही तो शिस्तपालन समितीवर किती शोभून दिसतो ते काय सांगावं!

या सगळ्या मतदारयादीत एक नाव कुठेच नसतं. रुग्णाचं. किंवा अशिलाचं, किंवा ज्याने ताळेबंद वाचून शेअर घेतले त्या गुंतवणूकदाराचं. सीएंच्या दिल्लीतल्या मध्यवर्ती परिषदेत ४० जणांपैकी ३२ सीएंनी निवडून दिलेले असतात आणि ८ सरकारने नेमलेले. राज्याच्या मोठ्या बार कौन्सिलवर २५ जण निवडून येतात, तेही वकिलांच्याच मतांनी. परिषद जनतेच्या रक्षणासाठी असते आणि व्यावसायिकांच्या हितासाठी त्यांची स्वतंत्र संघटना असते, असं कायद्याचे जुने प्राध्यापक शिकवायचे. हा फरक विसरायला फार कष्ट पडत नाहीत, कारण दोन्हीकडे माणसं तीच असतात. लेटरहेड तेवढी दोन ठेवा. बॅग एकच पुरेल.

सभेबद्दल थोडक्यात. अजेंडा आगाऊ मिळतो; तो वाचू नका. वाचला तर प्रश्न पडतात, आणि प्रश्न विचारणारा सदस्य पुढच्या वेळी उपसमितीवर दिसत नाही. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा पहिला विषय सुरू असताना चहा घ्या. खरं कामकाज शेवटच्या विषयात असतं, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. त्या वेळेपर्यंत निम्मे सदस्य स्टेशनकडे निघालेले असतात. भोपाळहून परतीच्या गाडीची वेळ ज्याला पाठ आहे, तो अध्यक्ष परिषदेकडून काहीही मंजूर करून घेऊ शकतो. कोणी हितसंबंधांचा विषय काढलाच, तर 'आम्ही सगळे एका कुटुंबासारखे आहोत' एवढं म्हणून अध्यक्षांकडे बघा. हितसंबंध जाहीर करण्याचा एखादा फॉर्म असतोच. तो रजिस्ट्रारच्या कपाटात असतो, आणि रजिस्ट्रार त्या दिवशी रजेवर असतो.

आता तक्रारी. इथे जरा जास्त वेळ घेतो, कारण नव्या सदस्याचा पाय घसरतो तो इथेच. काही मंडळी तक्रार वाचून थेट मुद्द्यावर येतात. हा उतावळेपणा झाला.

इंदूरकराला वर्गीकरण काय शिकवायचं? ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे आपल्या पोराबाळांनाही येतं. तक्रारींचंही तसंच करा. ताजी तक्रार ओली. तिला वास असतो, वर्तमानपत्रवाले तिच्याभोवती घोंघावतात. तिला हात लावू नका. नीट वाळू द्या. दोन-तीन वर्षांत ती सुक्यात जाते, आणि सुक्याचा कोणालाच त्रास होत नाही.

वाळवायचं कसं ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, लोकमान्यनगरच्या एक काकू आहेत. काकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि काका घरी आलेच नाहीत. काकूंनी मोठ्या अक्षरात साध्या कागदावर तक्रार लिहून पोस्टाने पाठवली. ती परत पाठवा: शपथपत्र जोडलेलं नाही. शपथपत्र आलं की परत पाठवा: नोटरीचा शिक्का पुसट आहे. मग प्रती कमी आहेत. मग केसपेपर जोडलेले नाहीत. केसपेपर कोणाकडे आहेत? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडे. काकूंनी ते त्याच्याकडून मागून आणावेत, ही अपेक्षा काही अवास्तव नाही. सगळं जमलं की डॉक्टरांना उत्तर द्यायला मुदत, मग वाढीव मुदत, मग तज्ज्ञांचं मत. तज्ज्ञ त्याच शहरातला, त्याच विषयातला हवा. शहरात त्या विषयाचे जाणकार मोजकेच असतात आणि ते सगळे एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला गेलेले असतात, याला तुमचा इलाज नाही.

वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२च्या नियमांत अशा तक्रारीचा निर्णय ६ महिन्यांत व्हावा असं छापलेलं आहे. घाबरू नका. सहा महिने कुठल्या दिवसापासून मोजायचे यावर एक उपसमिती नेमा. वकिलांचं जरा अवघड आहे. १९६१च्या कायद्यात कलम ३६ ब आहे. एका वर्षात राज्याच्या शिस्तपालन समितीने प्रकरण संपवलं नाही तर ते आपोआप दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. पण नीट पाहिलंत तर ही सोयच आहे. वर्षभर काहीच केलं नाही की फाईल आपल्या पायांनी दिल्लीला जाते, आणि तुमच्याकडचं 'प्रलंबित प्रकरणे' हे सदर कोरं राहतं.

काकू चिवट निघाल्या तर त्यांना ग्राहक आयोगाकडे जायला सांगा. डॉक्टरांसाठी हा रस्ता १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोकळा करून दिलेला आहे. वकिलांच्या बाबतीत मात्र हे सांगू नका. मे २०२४मध्ये त्याच न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. म्हणजे वकिलाने फसवलेल्या अशिलाला आता मुख्यतः तुमचाच दरवाजा उरला आहे. कुलूप चांगल्या प्रतीचं घ्या.

आणि इतकं करूनही निकाल काकूंच्या विरोधात गेला, तर? जुन्या नियमांत नाराज तक्रारदाराला ६० दिवसांत वर अपील करता येत होतं. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचं कलम ३० वाचा. राज्य परिषदेच्या कारवाईने व्यथित झालेला डॉक्टर वर अपील करू शकतो, असं तिथे व्यवस्थित लिहिलं आहे. काकूंबद्दल ते कलम काही बोलत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी तुमचं अर्धं काम आधीच करून ठेवलंय. त्यांचाही कधीतरी सत्कार करायला हवा.

कॉलेजांच्या तपासणीचा विषय आपल्या प्रदेशात जरा नाजूक आहे, म्हणून पटकन पुढे जातो. परिचारिका परिषदेने नर्सिंग कॉलेजांना दिलेल्या मान्यतेचं प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने कॉलेजांची तपासणी सीबीआयकडे दिली. मे २०२४मध्ये सीबीआयला तपासणी करणाऱ्या आपल्याच निरीक्षकाला लाचेच्या प्रकरणात अटक करावी लागली, आणि पास झालेल्या कॉलेजांची पुन्हा तपासणी करण्याचा आदेश निघाला. म्हणजे परिषदेला तपासायला सीबीआय, सीबीआयला तपासायला सीबीआय. यातून धडा एकच: तपासणीला जाताना मुक्काम, जेवण आणि गाडी कॉलेजची घेऊ नका असं कोणी म्हणालं, तर त्याला एकदा जुलैच्या पावसात धारच्या रस्त्याने एसटीने पाठवा. आता तुम्ही म्हणाल, इथे एसटी कुठली? तेच म्हणतोय मी.

नियम बनवायची हौस असेल तर तीही भागवून घ्या, फक्त वेग सांभाळा. वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी डॉक्टरांच्या वर्तनाचे नवे नियम अधिसूचित केले. औषधं जेनेरिक नावाने लिहा, कंपन्यांच्या भेटवस्तू घेऊ नका, त्यांच्या खर्चाने परिषदांना जाऊ नका. चांगलं छापलं होतं. २३ ऑगस्टला ते स्थगित झाले आणि २००२चे जुने पुन्हा लागू झाले. तीन आठवडे! आमच्याकडे भुट्ट्याचा हंगामसुद्धा याहून जास्त टिकतो. पण या तीन आठवड्यांतही काही लोकांनी भेट आलेलं पेन परत केलं असेल, असं मानायला मी तयार आहे.

एवढं सगळं नीट सांभाळलंत तरी एक धोका राहतो: बरखास्ती. भारतीय वैद्यक परिषद १९५६च्या कायद्याखाली चालत होती. एप्रिल २०१०मध्ये तिच्या अध्यक्षांना लाचेच्या आरोपाखाली अटक झाली आणि मे महिन्यात अध्यादेश काढून परिषद बाजूला केली गेली. २०१३मध्ये ती परत आली. २०१६मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तिची चांगलीच झाडाझडती घेतली आणि सर्वोच्च न्यायालयाने वर देखरेख समिती बसवली. २०१८मध्ये पुन्हा बरखास्ती, आणि २५ सप्टेंबर २०२०पासून तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. विलायतेत याच दुखण्यावर आणखी जालीम औषध दिलं. डॉ. शिपमन या डॉक्टरने आपल्याच रुग्णांचे खून केले, त्याच्या चौकशीत डॉक्टरांची परिषद डॉक्टरांचीच बाजू सांभाळते असं २००४च्या अहवालात नोंदलं गेलं. २००९पासून तिथल्या परिषदेतली निवडणूकच बंद. आज १२ जणांत ६ डॉक्टर आणि ६ सामान्य नागरिक, सगळे नेमलेले.

निवडणूक गेली म्हणून तुम्ही हातपाय गाळू नका. आपल्याकडच्या आयोगात ३३ जण आहेत, त्यांत कायदा, व्यवस्थापन, रुग्णहक्क अशा क्षेत्रांतले अर्धवेळ सदस्य तीन. तीन माणसांना एका टोकाला बसवता येतं. निवडून यायचं असतं तेव्हा मतदाराला सांभाळावं लागतं, नेमणूक असते तेव्हा मंत्रालयातल्या एका टेबलाला. खर्चाच्या दृष्टीने दुसरं स्वस्त पडतं. कमी शालींत भागतं.

अशा बाहेरच्या सदस्यांपैकी एखादा चुकून तुमच्या परिषदेत आला, तर त्याच्याशी अत्यंत आदराने वागा. 'मॅडम, हा तांत्रिक विषय आहे' हे वाक्य तोंडपाठ करा. मॅडमनी विचारलं, की ऑपरेशननंतर रुग्णाकडे रात्रभर कोण पाहायला गेलं होतं, यात तांत्रिक काय आहे, तर चहा मागवा.

राहता राहिला निवृत्तीनंतरचा प्रश्न. पुढे नशिबाने दिल्लीच्या वैद्यकीय आयोगावर गेलात तर मुदत फार तर चार वर्षांची, पुन्हा नेमणूक नाही, येताना-जाताना मालमत्ता जाहीर करायची. शिवाय ज्या खासगी संस्थेचं प्रकरण तुमच्या हाताखालून गेलं, तिथे दोन वर्षं नोकरी घ्यायची नाही, सल्लागार म्हणूनसुद्धा नाही. त्याच २०१९च्या कायद्याचं कलम ६, पोटकलम ६. हे वाचून पुष्कळजण खचतात, कारण ते पुढचं पोटकलम वाचत नाहीत. पोटकलम ७ सांगतं, की केंद्र सरकारने परवानगी दिली तर घेता येते. तेव्हा परवानगीचा अर्ज आत्ताच टाईप करून ठेवा. संस्थेच्या नावाची जागा तेवढी कोरी सोडा.