गंधार जरा कणसूर होता

नवीन सीझन सुरू झालाय आणि तुम्ही अजून नुसते समोर बसून गाणी ऐकताय, टाळ्या वाजवताय, मधेच डोळे पुसताय असं कानावर आलं. हे काही बरोबर नाही. गाणी ऐकायची असती तर रेडिओ होताच की. टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा ही मार्क देण्याची गोष्ट आहे, आणि तुम्ही दिले नाहीत तर चॅनेलनं खुर्चीत बसवलेले ते दोन-तीन लोक मनाला येतील तसे देऊन मोकळे होणार. म्हणून इतक्या वर्षांच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो. (माझी पात्रता विचाराल तर शाळेच्या समूहगीतात मी शेवटच्या रांगेत होतो आणि बाईंनी नुसते ओठ हलवायला सांगितलेलं. पण क्रिकेटवर बोलायला कुठे कोणी रणजी खेळून येतं.)

सगळ्यात आधी शब्द नीट निवडा. 'बेसूर' हा शब्द नवशिक्यांचा, तो वापरू नका. बेसूर म्हटलं की शेजारी बसलेला माणूस कान देऊन ऐकायला लागतो, आणि मग त्याला वाटतं की नाही हो, चांगलंच गातेय की पोरगी, म्हणजे तुम्ही आपटलात. त्याऐवजी 'कणसूर' म्हणा. कणसूर म्हणजे कणभर कमी, कणभर जास्त, आणि तो कण पकडायला कोणी मोजपट्टी घेऊन बसलेलं नसतं. म्हणताना डोळे किंचित बारीक करायचे, मान डावीकडे, आणि वाक्य पूर्ण करायचं नाही. 'चांगलं झालं, पण तो गंधार जरा...' एवढंच. गंधार, म्हणजे सारेगममधला ग, हाच का, तर षड्ज, म्हणजे सा, म्हटलं तर फार बेसिक वाटतं, मध्यम म्हटलं की तीव्र का शुद्ध असा प्रश्न येतो, आणि निषाद नीट उच्चारता येत नाही सगळ्यांना. गंधारला कसं वजन आहे. (गंधारही कोमल आणि शुद्ध असा दोन प्रकारचा असतो, पण हे घरात फार जणांना माहीत नसतं. निदान मला तसं वाटायचं. त्यावर नंतर येतो.)

आता मुख्य हत्यार. स्पर्धक जुनं गाजलेलं गाणं घेणार, हे ठरलेलंच. त्यानं ते जसंच्या तसं गायलं, प्रत्येक हरकत, प्रत्येक मुरकी, श्वास घेण्याच्या जागासुद्धा मूळच्या, तर म्हणायचं, 'कॉपी आहे हो, ह्याचं स्वतःचं काय?' आणि त्यानं एखादी जागा वेगळी घेतली, आलापाचा एक तुकडा स्वतःचा टाकला, तर कपाळाला हात लावून म्हणायचं, 'कशाला छेडछाड करतात, एवढ्या मोठ्या लोकांनी करून ठेवलंय ते काय उगीच?' ह्या दोन वाक्यांच्या मधून आजवर एकही स्पर्धक सुटलेला मी बघितला नाही. एक मुलगा मात्र एकदा मुखडा मूळचा आणि अंतरा स्वतःचा असं करून गेला होता, मी दोन मिनिटं गप्पच बसलो, मग सुचलं, 'सुसूत्रता नाही'.

पट्टीबद्दल, म्हणजे गायकानं कुठल्या उंचीचा सा धरलाय त्याबद्दल, बोललात तर फारच भाव वाढतो. बायकांचा आवाज साधारण पेटीच्या काळी चार, काळी पाचच्या आसपास बसतो, पुरुषांचा काळी एक-दोनच्या, त्यामुळे पुरुषाचं गाणं मुलीनं घेतलं की पट्टी बदलावी लागते, त्याला इलाज नाही, गळा हा गळा आहे, त्याला पेटीसारखी घुंडी नसते. पण तुम्ही म्हणायचं, 'पट्टी बदलली तिथेच मजा गेली.' आणि द्वंद्वगीत असेल तर सोनंच. दोघं एकाच पट्टीत, म्हणजे कोणीतरी एक जण एकतर वर ताणणार नाहीतर खाली खर्जात पुटपुटणार. जो ताणेल तो 'ओरडतोय', जी पुटपुटेल ती 'आवाजात जीव नाही'. ह्यात दोष पट्टीचा असतो हे तुम्हाला माहीत असलं तरी बोलून दाखवू नका, त्यानं चर्चा लवकर संपते.

तालाच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी. गाणं चालू असताना मांडीवर थाप मारत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान टाकायची सवय अनेकांना असते, छान दिसते, माझीही आहे. दादरा असेल, केहरवा असेल तर बिनधास्त, सहा नाहीतर आठ मात्रा, कुठेही टाकली मान तरी दोन-तीन चकरांत सम सापडतेच. पण रूपक ताल वाजायला लागला की हात खिशात घाला. सात मात्रा, त्यात सम नेमकी 'खाली'वर, म्हणजे टाळी न द्यायच्या मात्रेवर येते, म्हणजे जिथे तुम्ही ऐटीत टाळी देणार तिथे जाणकार माणूस हात उलटा करून रिकामा सोडतो. एका लग्नाच्या हॉलवर मोठ्या स्क्रीनवर असाच एक एपिसोड चालू होता, मी जोरात टाळी दिली आणि पुढच्या खुर्चीतले आजोबा मागे वळून नुसते बघून हसले. त्यांनी काही म्हटलं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

त्यापेक्षा ऑटोट्यून बरं. ह्या एका शब्दानं मागच्या काही वर्षांत आपल्यासारख्यांचं काम फार सोपं केलंय. पोरगं सुरात गायलं तर 'ऑटोट्यून लावलंय', नाही गायलं तर सरळ मार्क कापा, तुमचं नुकसान दोन्हीकडून शून्य. थोडी माहिती हवी म्हणून सांगतो, सूर आपोआप दुरुस्त करणारं हे सॉफ्टवेअर १९९७ साली आलं आणि ते काढणारा अँडी हिल्डेब्रँड हा आधी तेल कंपन्यांसाठी जमिनीत सोडलेल्या ध्वनिलहरींवरून तेलाचे साठे शोधायचं काम करायचा. म्हणजे जमिनीखालचं न दिसणारं हुडकणं हा त्याचा धंदा, आणि आपण तरी दुसरं काय करतो. बाकी खरं बोलायचं तर एपिसोड शूट होतो एका दिवशी, दिसतो वेगळ्या दिवशी, मधे एडिटिंग, मिक्सिंग, आवाजाला थोडा रिव्हर्ब, ढोलकी जरा वर, कोरस जरा खाली, आणि मग ते सगळं तुमच्या टीव्हीच्या मागच्या बाजूला बसवलेल्या काडेपेटीएवढ्या स्पीकरमधून भिंतीवर आपटून तुमच्या कानात येतं, घरात कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, आणि तरी तुम्हाला तो कण ऐकू येतो. ह्याला कान म्हणतात. मी तर कधी कधी म्यूट असतानासुद्धा सांगितलंय.

परीक्षकांना काही कळत नाही हे दर एपिसोडला एकदा म्हणायचंच, त्यात फार वेळ घालवू नका. ते कौतुक करतात म्हणजे चॅनेलनं सांगितलंय, ते चूक दाखवतात म्हणजे टीआरपीसाठी. परीक्षक उठून उभे राहून टाळ्या वाजवताना दिसले तर लगेच म्हणा की हा शॉट ह्या गाण्याचा नाहीच. असेलही, नसेलही, रिअॅक्शन शॉट हा निराधार प्राणी आहे, एडिटर त्याला कुठल्याही गाण्याच्या मांडीवर बसवू शकतो. आणि स्पर्धकाच्या घरची व्हिडिओ क्लिप सुरू झाली, मागे बासरी, स्लो मोशनमध्ये आई दारात उभी, की चॅनेलला शिव्या घालायच्या, 'गाणं दाखवा गाणं, रडारड नको.' मग क्लिप संपल्यावर ज्याच्या घरची परिस्थिती सगळ्यात वाईट त्यालाच मनातल्या मनात पाच मार्क वाढवून द्यायचे. बोलायचं नाही.

लहान मुलांच्या पर्वात काही लोक उगीच मऊ पडतात. पडू नका. स्टेजवर आलंय ना, मग सहन करू दे. आठ वर्षांच्या मुलीनं ठुमरी घेतली तर 'हे वय आहे का' आणि बालगीत घेतलं तर 'सेफ खेळली'. चुणचुणीत बोललं पोर तर आगाऊ, गप्प राहिलं तर स्टेज प्रेझेन्स नाही. मराठीत हे शिक्षण आपल्याला लिटिल चॅम्प्सनं दिलं, २००८-०९ ची गोष्ट, समोर अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, निवेदनाला पल्लवी जोशी, मार्क पण स्वरांमध्ये, ध, नी, आणि फारच भारी झालं तर वरचा सा. शेवटी उरले पाच, कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत, आणि अख्ख्या महाराष्ट्रातल्या घरांची पाचात वाटणी झाली. आमच्याकडे आई एकीची, बाबा दुसरीचे, मी तिसऱ्याचा, आणि आजी जो गात असेल त्याची, म्हणून आजीला मताधिकार नव्हता. २००९ च्या महाअंतिम सोहळ्यात कार्तिकी जिंकली. वाद अजून मिटलेला नाही. त्या पाचही जणांबद्दल आम्ही तेव्हा एकमुखानं जे भविष्य सांगितलं होतं ते म्हणजे 'आता गोड वाटतंय, आवाज फुटला की बघू', ह्या वाक्याला मुलगा-मुलगी असा भेद आम्ही केला नव्हता. पुढे २०२१ मध्ये लिटिल चॅम्प्सचं नवीन पर्व आलं तर हेच पाच जण ज्युरी म्हणून पलीकडच्या खुर्च्यांत बसलेले. आम्ही काय म्हटलं असेल? 'ह्यांना काय कळतंय, कालची पोरं.' सोफा तोच होता, खुर्च्या बदलल्या त्यांच्या.

अंदाज चुकला तर काय, असं काही जण विचारतात. अंदाज चुकत नसतो, तो उशिरा दुरुस्त होतो. २००५ साली फेम गुरुकुल नावाच्या हिंदी कार्यक्रमात अरिजित सिंग नावाचा एक मुलगा होता, फायनलपर्यंत पोचला नाही. आज कोणालाही विचारा, प्रत्येक जण सांगतो की मला तेव्हाच कळलं होतं. मीही सांगतो. खरं तर त्या वर्षी मी तो कार्यक्रम बघतच नव्हतो, आमच्याकडे अभिजीत सावंतच्या इंडियन आयडॉलचा उत्साह अजून उतरला नव्हता, पण 'मी तेव्हाच म्हटलं होतं' ह्या वाक्याला पुरावा मागायची आपल्यात पद्धत नाही. म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाबद्दल 'हाच खरा गायक होता' असं एकदा नोंदवून ठेवा. शंभरातला एक तरी लागतोच. आणि जो जिंकला त्याच्याबद्दल 'आता हा कुठे दिसतो बघा' म्हणून ठेवा, नव्व्याण्णव तिथे लागतात.

मत द्यायचं नाही हे वेगळं सांगायला नको. मत दिलं की तुम्ही जबाबदार झालात. मत न देता निकालावर बोलण्यात जी मोकळीक आहे ती काही औरच.

आता ते गंधाराचं. सगळी तयारी असली तरी घरात एखादा जाणकार निघतो, त्याच्यासाठी तयार असलं पाहिजे. आमच्या घरच्या ग्रुपवर छत्तीस माणसं आहेत, त्यात एक मावशी, संगीत विशारद झालेली, पण ती कधी काही लिहीतच नाही, फार तर वाढदिवसाला एक फूल. त्यामुळे मी निर्धास्त असायचो. परवा एका मुलीनं एक नाट्यगीत घेतलं, चांगलं रंगलं होतं, ग्रुपवर सगळ्यांचे हात जोडलेले, बदाम, ज्वाळा वगैरे सुरू झाले, तेव्हा मी नेहमीप्रमाणे दोन मिनिटं थांबून, थांबणं महत्त्वाचं असतं, लिहिलं, 'छानच. पण दुसऱ्या अंतऱ्यात गंधार जरा कणसूर वाटला.' लगेच तिघांनी अंगठे दिले. एका भाच्यानं तर 'मामा, तुमचा कान म्हणजे कान आहे' असं लिहिलं.

आणि मग वर आलं, मावशी टायपिंग. बराच वेळ टायपिंग. मग आलं, 'अरे पण ते वृंदावनी सारंगातलं आहे ना? त्यात गंधार नसतोच. धैवतही नसतो.'

इथे नवखा माणूस मेसेज डिलीट करतो. करू नका, डिलीट केल्याचं सगळ्यांना दिसतं. मी पाणी प्यायलो, टीव्हीचा आवाज कमी केला आणि लिहिलं, 'तेच तर म्हणतोय मावशी. नसताना लागला तिला.'

दोन निळ्या टिक आल्या. भाच्यानं पुन्हा अंगठा दिला. अंगठा बघून मला जरा धीर आला तोच मावशीचा मेसेज आला, 'बरं.'

'बरं' आलं की तिथे थांबायचं नसतं. मी लगेच निवेदिकेच्या साडीवर आलो.